डावा रेणू, उजवा रेणू

मागच्या अंकात मी पेशींच्या चालण्याबद्दल आणि ती चाल अडवण्यासाठी आमच्या लॅबमध्ये बनणाऱ्या छोट्या रेणूंबद्दल चार पानं लिहिली होती. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांचा सूर एकच होता, की बाई, हे सगळं ठीक, पण तुम्ही दिवसभर करता काय? मी मूळची संगमेश्वरकडची. पुण्यात सेंद्रिय रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं झाली. शेजारच्या इमारतीतले पेशीशास्त्रवाले हे माझं गिऱ्हाईक. सहा पत्रं निवडली आहेत. ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांनी राग मानू नये.

चिपळूणहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: पेशी ‘चालते’ हा शब्द मला पटला नाही. वाहते म्हणा. पाय नसताना चालणार कशी?

सर, वाहतात त्या तांबड्या पेशी. पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जिथे काटा मोडलाय तिथपर्यंत स्वतः जाते. तुमच्याकडच्या पावसात जळू पाहिली असेलच. पुढचं टोक चिकटवायचं, अंग आखडायचं, मागचं ओढून घ्यायचं. पेशीचं साधारण तसंच. पुढच्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे वाढत जातात आणि पडदा पुढे रेटतात. तो भाग खाली चिकटतो. मग मायोसिन-२ नावाची मोटर धागे खेचते आणि मागचं शेपूट सुटतं. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल या प्रकाराचा वेग मिनिटाला दहा मायक्रोमीटर किंवा थोडा जास्तच, म्हणजे तुमच्या एका केसाची जाडी ओलांडायला पाच-सात मिनिटं. जखम भरणारी फायब्रोब्लास्ट मात्र तेच दहा मायक्रोमीटर जायला वीस-पंचवीस मिनिटं घेते. सरकारी काम म्हणा हवं तर, पण होतं.

नाशिकहून बी.एस्सी.चा विद्यार्थी: रेणू ‘बनवणे’ म्हणजे दोन गोष्टी मिसळणे का? आणि कंपन्या तयार विकतात तर तुम्ही कशाला बनवता?

माझ्या मुलापेक्षा लहान असशील, म्हणून अरे-तुरे करते. मिसळणं हा सगळ्यात छोटा भाग. एकच रेणू घेऊन सांगते, ब्लेबिस्टॅटिन. पेशीच्या पडद्यावर बुडबुड्यासारखे फुगे येतात, त्यांना इंग्रजीत ब्लेब म्हणतात. ते येणं या रेणूने थांबतं, म्हणून हे नाव. हार्वर्डमधल्या टिम मिचिसन यांच्या गटातून २००३ मध्ये तो पुढे आला. हजारो तयार संयुगं एकेक करून तपासली आणि मायोसिन-२ चं इंधन खाणं कशाने थांबतं ते पाहिलं. मघाशी चिपळूणच्या सरांना सांगितली ती शेपूट ओढणारी मोटर, तिच्यातच हा पाचर मारतो.

बनवायला कागदावर तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत पाच अणूंचं कडं असलेला एक लॅक्टम, ज्याच्या नायट्रोजनवर बेंझिनचं कडं लटकलेलं असतं, तो फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडने जागा करायचा आणि त्याला एका अँथ्रानिलेट एस्टरशी, म्हणजे बेंझिनचं कडं असलेल्या दुसऱ्या रेणूशी, जोडायचं. दुसरीत एक जबर बेस, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचं रसायन, घालून रेणूला स्वतःवरच वळायला लावायचं, की आणखी एक कडं मिटतं. ही रिॲक्शन ड्राय आइस आणि ॲसिटोनच्या भांड्यात, उणे ७८ अंशांवर लावतो. तिसऱ्या पायरीत फक्त एक ऑक्सिजन बसवायचा असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

तो ऑक्सिजन ज्या कार्बनवर बसतो त्याला चार वेगवेगळे शेजारी आहेत. म्हणून ऑक्सिजन वरून बसला तर एक रेणू होतो आणि खालून बसला तर त्याचं आरशातलं रूप. डावा हात आणि उजवा हात. दोघांचा वितळणबिंदू एक, वजन एक, रंगही एकच, झगझगीत पिवळा. पण मायोसिनच्या खोबणीत फक्त डावा बसतो. डावा म्हणजे जो ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल डावीकडे वळवतो तो. उजवा नुसताच बाहेर फिरत राहतो.

मग ऑक्सिजन एकाच बाजूने यावा म्हणून काय करायचं? त्याला घेऊन येणारं रसायनच एकहाती घ्यायचं. ते रसायन कशापासून बनतं माहीत आहे? कापरापासून. आरतीत लावतो तोच पदार्थ, आणि झाडातून निघालेला कापूर मुळात एकहातीच असतो. निसर्गाने त्याला दिलेलं डावं-उजवं आपण उसनं घ्यायचं आणि आपल्या रेणूत उतरवायचं. लॅबमध्ये या पायरीला मी ‘कापूर लावणे’ म्हणते, नवीन मुलं आधी चक्रावतात.

त्यानंतरचा सगळा वेळ साफसफाईत जातो. टीएलसीवर, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर, स्पॉट बघायचे, मिश्रण वेगळं करणारा कॉलम लावायचा, रोटाव्हेपरवर द्रावक उडवायचा आणि ॲसिटोनायट्राइलमधून स्फटिक पाडायचे म्हणजे उरलासुरला उजवा कमी होतो. मिसळायला दहा मिनिटं लागली असतील तर निवडायला चार दिवस लागतात. तांदूळ निवडलेल्या बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तर विचारू नकोस. त्या बेसला हवेतली ओल चालत नाही, आणि जुलैच्या पुण्यात ओल नाही अशी जागा दाखव.

आता विकत का घेत नाही? घेतो की. जसाच्या तसा हवा असेल तर विकतच घ्यावा. पण तयार ब्लाउज मिळतो म्हणून शिंपी बेकार होत नाही. बाही दोन बोटं लांब हवी असली की त्याच्याकडेच जावं लागतं. ब्लेबिस्टॅटिनच्या दोन खोडी आहेत. पाण्यात तो नीट विरघळत नाही, जास्त घातला तर पेशींवर सुयांसारखे स्फटिक पडतात. आणि निळा प्रकाश पडला की तो मोडतो, मोडताना पेशींना अपायही करतो. आता पेशीतलं प्रथिन हिरवं चमकताना बघायचं तर सूक्ष्मदर्शकातून टाकायचा तो निळाच प्रकाश! बुडापेस्टच्या एका गटाने लटकणाऱ्या बेंझिनच्या कड्यावर एक नायट्रो गट बसवला, तेव्हा निळ्या प्रकाशाचा त्रास गेला. पुढे त्याच जागी अमिनो गट बसवला, तर पाण्यात विरघळणंही खूप सुधारलं. चार अणूंची शिवण उसवायची, दुसरी घालायची, एवढंच माझं काम.

नांदेडहून एक संशोधक विद्यार्थिनी: पेशींच्या थरावर ओरखडा मारला. माझं संयुग घातलेल्या थाळीत २४ तासांत तो निम्माच भरला, न घातलेल्यात पूर्ण भरला. गाईड म्हणतात, पेपर लिहायला घे. घेऊ का?

थांब जरा.

आधी साधं बघ. पेशी जिवंत आहेत ना? मेलेली पेशीही चालत नाही. आणि त्यांचं विभाजन मंदावलं का ते बघ, कारण ओरखडा चालण्याने भरतो तसा संख्या वाढल्यानेही भरतो. २४ तासांत बऱ्याच पेशी एकदा तरी दुभंगतात. लवकरचे, सहा-आठ तासांचे फोटो काढले असशील तर ते जास्त खरं बोलतील. न घातलेल्या थाळीत तेवढंच डीएमएसओ, म्हणजे संयुग ज्यात विरघळवतात तो द्रावक, घातलं होतंस का? ‘न घातलेली’ म्हणजे नुसतं माध्यम असेल तर ती तुलना बाद. डीएमएसओ हा आमचा रोजचा द्रावक आहे, पण साधा नाही. कातडीतून आत शिरतो आणि थोड्या वेळाने तोंडाला लसणासारखी चव येते. साडेअठरा अंशांना गोठतो, त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात सकाळी बाटली दगड झालेली असते. घाईत अर्धवट वितळलेल्या बाटलीतून घेतलेल्या स्टॉकचा हिशेब कधी जुळत नाही, हे मी पैजेवर सांगते.

हे सगळं ठीक निघालं तरी खरा प्रश्न उरतो. तुझं संयुग ज्या प्रथिनाला धरतं असं तू म्हणतेस, त्यालाच धरतं कशावरून? एक उदाहरण देते. फॉर्मिन नावाची प्रथिनं ॲक्टिनचे सरळ धागे वाढवतात. त्यांना अडवणारं म्हणून एसएमआयएफएच-२ हे संयुग २००९ मध्ये आलं आणि ते जगभर वापरलं गेलं. २०२१ मध्ये दिसलं की ते मायोसिनच्या घराण्यातल्या काही मोटरींनाही अडवतं. मधल्या बारा वर्षांत ‘फॉर्मिन थांबवल्याने असं झालं’ म्हणून जे लिहिलं गेलं, त्यातलं कुठलं फॉर्मिनचं आणि कुठलं मायोसिनचं, हे आता ज्याचं त्याने निस्तरायचं.

म्हणून जुळा हवा. दिसायला जवळजवळ तसाच पण काम न करणारा रेणू. ब्लेबिस्टॅटिनला तो आयता मिळतो, आरशातला उजवा. ॲक्टिनच्या फांद्या फोडणाऱ्या एआरपी-२/३ या प्रथिनसंचाला अडवायला सीके-६६६ वापरतात, त्याच्या जोडीला सीके-६८९ हा निष्क्रिय चुलतभाऊ असतो. जुळ्यानेही तुझा ओरखडा निम्माच भरला, तर समजायचं की परिणाम दुसऱ्याच कशाचा आहे. तुझ्या रसायनशास्त्रज्ञाकडे जुळा माग. ‘वेळ नाही’ म्हणेल. पुन्हा माग.

मी हे इतक्या ठासून सांगते त्याला कारण आहे, आणि ते माझ्या बढाईचं नाही.

लॅबमध्ये मला सात-आठ वर्षं झाली असतील. शेजारच्या इमारतीतल्या एका मैत्रिणीला दोन्ही हवे होते, डावा आणि उजवा, प्रत्येकी दहा मिलिग्रॅम. कापूरवाल्या रसायनाच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये शेजारी होत्या. लेबलं सारखी, फरक फक्त नावापुढच्या कंसातल्या एका चिन्हाचा, अधिक किंवा उणे. दोन्ही रिॲक्शन एका दिवशी लावल्या. एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा आलेख, काढला, आरशासारखा स्वच्छ. मी खूश. आता तुला ठाऊक असेल, साध्या एनएमआरला डावं-उजवं कळतच नाही. दोघांचा आलेख रेघेला रेघ सारखा येतो. ते कळायला प्रकाश किती आणि कुठे वळतो ते पोलारिमीटरवर मोजावं लागतं. आमच्या पोलारिमीटरचा सोडियम दिवा गेला होता. नवा यायला पंधरा दिवस लागणार होते. मैत्रिणीला घाई, मलाही घाई. दिल्या दोन वायल, म्हणजे छोट्या कुप्या.

सहा आठवड्यांनी ती जिना चढून आली. हातात कन्फोकल सूक्ष्मदर्शकाचे फोटो. म्हणाली, ‘तुझ्या असलीने काहीच होत नाही. आणि तुझा नकली दिला की पेशींना ही एवढी लांब शेपटं फुटतात.’ फोटोत खरंच तसंच होतं. पेशीचं अंग पुढे गेलेलं आणि मागे दोऱ्यासारखं शेपूट ताणलेलं, कारण ते ओढून घेणारी मोटर बंद. मायोसिन-२ अडवलं की हेच दिसायला हवं. फक्त ते दुसऱ्या वायलमधून दिसत होतं. मी बाटल्यांची अदलाबदल केली होती.

सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? ब्लेबिस्टॅटिन प्रकाशाला इतकं जोरात वळवतो की आकडा शेकड्यात जातो. जुन्यात जुन्या पोलारिमीटरवरही पाच मिनिटांत दिसलं असतं. दुसऱ्या विभागात जाऊन त्यांचं यंत्र मागायचं तेवढं होतं. तिची सहा आठवड्यांची मेहनत वाया गेली नाही, वायलची नावं बदलून ती वाचली. पण हे तिचं नशीब होतं, माझं शहाणपण नव्हे. तिने माझ्याकडून डाव्याच्या जागी उजवा भरलेली ती एकच वायल घेतली असती, तर? ‘मायोसिन अडवूनही शेपटं फुटत नाहीत’ असा शोध लागला असता आणि आम्ही दोघी पेढे वाटत बसलो असतो.

तेव्हापासून माझ्या वायलवर मराठीत ‘डावा’ आणि ‘उजवा’ लिहिलेलं असतं, खाली प्रकाश किती वळला तो आकडा आणि तारीख. आकडा नसेल तर वायल खोलीबाहेर जात नाही.

जाता जाता एक. तुझा निकाल उलटा आला असता, म्हणजे ओरखडा लवकर भरला असता, तरी घाबरू नकोस. मोटर बंद केल्यावर काही पेशी आधीपेक्षा जोरात चालतात. पृष्ठभाग फार चिकट असेल तर काय आणि निसरडा असेल तर काय, यावर ते ठरतं. म्हणून थाळीला कशाचा लेप होता तेही वहीत लिहून ठेव.

रत्नागिरी जिल्ह्यातून एक गृहिणी: कळलावीच्या कंदापासून कॅन्सर पसरणं थांबवणारं औषध होतं असं आमच्याकडे कुणी सांगितलं. दिरांना थोडा थोडा उगाळून देत आहेत. द्यावा का?

वहिनी, आजच बंद करा. हे अंकाची वाट न बघता मी तुम्हाला कळवलं होतंच, पण इथेही लिहिते, कारण असं सांगणारे एकाच गावात नसतात. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांना उलट्या-जुलाब होत असोत वा नसोत, डॉक्टरांना दाखवा आणि ‘कळलावी’ हा शब्द उच्चारून सांगा. या विषाचं रूप उशिरा दिसतं. पहिले काही तास माणूस बरा वाटतो.

आमच्याकडे गौरी येतात तेव्हा तेरड्याबरोबर हीच फुलं आणतात, गौरीचे हात म्हणतात त्यांना. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या पाकळ्या. लहानपणी मी आणि आजी कुंपणावरून तोडून आणायचो आणि आजी आधी हात धुवायला पाठवायची. आजी बरोबर होती. कंद, बिया, सगळ्यातच कोल्चिसिन आहे.

तुमच्या कानावर आलेल्या गोष्टीत एक धागा खरा आहे, म्हणून ती पसरते. कोल्चिसिन पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं. खरं तर ते प्रथिनच कोल्चिसिनमुळे सापडलं. १९६७ मध्ये शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन घातलं आणि ते कुठे जाऊन बसतं याचा माग काढला. ट्युब्युलिनच्या नळ्या मोडल्या की पांढऱ्या पेशींची चाल बिघडते, आणि म्हणून गाऊटने, म्हणजे एका प्रकारच्या संधिवाताने, सुजलेल्या अंगठ्याला याच औषधाची गोळी देतात. पण ती गोळी साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची, मोजलेली असते. कंदाच्या एका उगाळ्यात किती उतरलं हे देवालाही ठाऊक नाही. गुण येण्याची मात्रा आणि जीव जाण्याची मात्रा यात इथे फार थोडं अंतर आहे. आणि ट्युब्युलिन हे फक्त कॅन्सरच्या पेशीत नसतं, आतड्यात, अस्थिमज्जेत, सगळीकडे असतं.

फुलं गौरीला जरूर वाहा.

कोल्हापूरहून एक आई: मुलगी एम.एस्सी.ला सेंद्रिय रसायन घ्यायचं म्हणते. वास, आग, कॅन्सर, असलं ऐकून भीती वाटते. आणि पेशींवर काम करायचं तर जीवशास्त्र नको का घ्यायला?

वास येतो. आगी लागतात, क्वचित. चष्मा न लावणारी, वाफा ओढून घेणाऱ्या हुडच्या बाहेर बाटली उघडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या एकाच्या भुवया गेलेल्याही पाहिल्या. तिला पहिल्या दिवसापासून चष्मा लावायची सवय लावा, बाकी लॅब शिकवेल. विषयाचं म्हणाल तर रेणू बनवता येणारीला पेशी शिकता येतात. मी पस्तिशीनंतर शिकले, थाळ्यांत बुरशी वाढवत वाढवत. उलटा प्रवास केलेले मला फार कमी भेटले. तिला हाताने काम करायला आवडतं का, हे मात्र बघा. भरतकाम, स्वयंपाक, सायकल खोलून जोडणं, काहीही चालेल.

ठाण्याहून एक वाचक: चोवीस वर्षांत तुमच्या एका तरी रेणूचं औषध झालं का? नसेल तर हा खर्च कशासाठी?

नाही झालं. होईल असंही वाटत नाही. मी बनवते ती अवजारं आहेत. पाना विकत घेऊन कुणी त्याला ‘तू गाडी कधी होणार’ म्हणत नाही.

पण तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, कारण पेशींची चाल थांबवणारे रेणू गाजतात जास्त आणि दवाखान्यात पोचतात कमी. मायग्रास्टॅटिन हा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचा रेणू घ्या. न्यूयॉर्कमध्ये डॅनिशेव्हस्की यांच्या गटाने तो २००३ मध्ये बनवला, मग त्याची अर्धी फांदीच छाटून टाकली, तर छाटलेला रेणू मूळच्यापेक्षा हजारपट तेज निघाला. उंदरांत कॅन्सरचं पसरणं घटलं. त्याची गोळी अजून तुम्हाला दुकानात मिळणार नाही. एक अडचण सरळ आहे. गाठ हाताला लागते तोवर बऱ्याच पेशी आधीच घर सोडून गेलेल्या असतात. दुसरी अशी, की चाल सरसकट थांबवली तर जखमही भरत नाही आणि पांढऱ्या पेशीही जागच्या हलत नाहीत.

चालीशी संबंधित असलेलं आणि खरोखर दवाखान्यात पोचलेलं एक औषध मात्र मला फार आवडतं, प्लेरिक्साफॉर. हे पेशींना थांबवत नाही, उलट चालू लागायला लावतं. अस्थिमज्जेत मूळ पेशींना (स्टेम सेल) धरून ठेवणारा एक रासायनिक निरोप असतो, तो ऐकणारा कान हे औषध बंद करतं. पेशी मज्जा सोडून रक्तात येतात आणि हातातल्या शिरेतून त्या गोळा करता येतात. लिम्फोमा आणि मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्याचं मूळ कशात सापडलं? सायक्लाम नावाच्या साध्या संयुगाची एक बाटली एचआयव्हीविरुद्ध तपासली, तिने काम केलं. नंतर कळलं की काम सायक्लामचं नव्हतंच, त्या बाटलीतल्या थोड्याशा अशुद्धीचं होतं. दोन सायक्लाम एकमेकांना चिकटून झालेला एक आगंतुक. त्याच्यावरून पुढचे रेणू बेतले, एचआयव्हीसाठीच. माणसांत देऊन बघितले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, आणि औषधाने रस्ताच बदलला.

माझ्या वायलमधली अशुद्धी मी तेव्हापासून जरा आदराने बघते. आजवर ती दर वेळी इथाइल ॲसिटेटच, म्हणजे नीट न उडालेला द्रावकच, निघाली आहे.